पाऊस पडला की जुनी गाडी का रुसते? करंटची गळती घरच्या घरी शोधण्याची पद्धत

सोलापुरात पाऊस बेताचाच, आणि जो पडतो त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर असताना. त्यामुळे आपल्याकडची जुनी गाडी वर्षातले नऊ-दहा महिने विनातक्रार चालते. मग एखाद्या रात्री झड लागते. सकाळी किल्ली फिरवावी तर सेल्फ नुसता घरघरतो, इंजिन काही पकडत नाही. बॅटरी निम्मी होईपर्यंत झटून शेवटी माणूस रिक्षानं कामावर जातो. दुपारी ऊन पडल्यावर सहज म्हणून किल्ली फिरवली तर तीच गाडी अर्ध्या सेल्फात चालू! गॅरेजला नेली की मिस्त्री म्हणतो, "मालक, काहीच प्रॉब्लेम नाही की हिला."

माझ्या १९९६च्या मारुती ८००नं हा खेळ दोन पावसाळे केला. तेवढ्यात प्लग बदलून झाले, कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला, पेट्रोलचा पंप नवा बसवला, बॅटरीही नवी आली. शेवटी लष्कर भागातल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "दिवसा काय दिसणार? रात्री आठनंतर आणा." रात्री गेलो. त्यांनी दुकानातला दिवा मालवला, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि सलूनमध्ये असते तसल्या फवाऱ्याच्या बाटलीनं डेल्कोवर, म्हणजे प्लगना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डब्यावर, पाण्याचा एक फुसकारा मारला. त्याच्या कॅपवरून, म्हणजे झाकणावरून, एक निळी रेघ सळसळत गेली आणि इंजिन खोकायला लागलं. दोन वर्षांचं दुखणं दहा सेकंदांत सापडलं. पुढं जे लिहितोय त्याची सुरुवात त्या रात्रीची; नंतर मित्रांच्या दोन पद्मिनी आणि एका ओम्नीवर ते ताडून पाहिलं.

हे सगळं डेल्को असलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे: प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल ॲम्बेसिडर, कार्बोरेटरवाली मारुती ८०० आणि ओम्नी. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. गॅरेजात आणि स्पेअर पार्टच्या दुकानात डेल्कोच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार. डिझेल गाडीत ठिणगीच नसते, त्यामुळे डिझेलवाल्यांनी आपला वेळ वाचवावा.

गुन्हा मे महिन्यातला असतो

बॅटरी देते १२ व्होल्ट. कॉइल त्याचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते. तो करंट जाड वायरनं डेल्को कॅपच्या मधल्या तोंडात येतो, आत फिरणारा रोटर तो पाळीपाळीनं एकेका सिलिंडरच्या वायरीला देतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. तीन सिलिंडरची मारुती ३००० आरपीएमला पळत असते तेव्हा मिनिटाला साडेचार हजार ठिणग्या पडतात. आता एवढ्या दाबाच्या विजेला प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा सोपी वाट कुठं मिळाली, तर ती त्या वाटेनं इंजिनच्या धातूत, म्हणजे अर्थला, निघून जाते. सिलिंडरमध्ये ठिणगी पडतच नाही, किंवा पडते ती मिणमिणती.

ही सोपी वाट पाणी तयार करतं असं आपल्याला वाटतं. नुसतं शुद्ध पाणी विजेचं फार चांगलं वाहक नाही. वाट तयार करते ती धूळ. आपल्याकडं जानेवारीपासून जूनपर्यंत बॉनेटखाली काळ्या मातीची बारीक धूळ जाऊन बसते, तिच्यावर इंजिनची तेलकट वाफ चिकटते. कोरडी असते तोवर ही राप निरुपद्रवी. ओल लागली की धुळीतले क्षार विरघळतात आणि कॅपवर, वायरीवर, प्लगच्या चिनी मातीवर विजेचा रस्ता तयार होतो. शिवाय मे महिन्यात बाहेरच ४३-४४ अंश असतात, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या भाजणीत वायरींचं रबर कडक होऊन केसाएवढ्या चिरा पडतात. पाऊस येतो आणि हे सगळं उघडं पाडतो, इतकंच.

मग सकाळीच का? सेल्फ फिरत असताना बॅटरीचे व्होल्ट दहाच्या आसपास उतरतात. कॉइलला कमी मिळालं की तीही कमीच देते. त्यात इंजिन थंड, मिश्रण ओलं, म्हणजे गरज जास्त आणि पुरवठा कमी. एकदा कसंबसं चालू झालं की इंजिनच्या उष्णतेनं ओल वाळते आणि दुखणं लपतं.

खरंच ओलीचंच दुखणं आहे का?

हे ठरवल्याशिवाय पान्हा हातात घेऊ नका. मी हेच केलं नाही म्हणून पंपाचे पैसे गेले.

ओलीचं दुखणं थंड इंजिनला जास्त आणि गरम झाल्यावर कमी होतं. पावसात, धुक्यात, गाडी धुतल्यावर वाढतं. सपाट रस्त्यावर गाडी बरी चालते, पण चढाला किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग मारते, धक्के देते. कारण थ्रॉटल उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, दाबलेल्या मिश्रणातून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, आणि मग वीज बाहेरची सोपी वाट धरते. भरल्या गाडीनं तुळजापूरचा घाट भिजत चढताना बंद पडणं आणि उतारावर आपोआप सुधारणं, ही याची नमुनेदार खूण.

याच्या उलट, गाडी चांगली तापल्यावर बंद पडते आणि अर्धा तास सावलीत उभी केली की चालू होते, असं असेल तर पाऊस बाजूला ठेवा. कॉइल, कंडेन्सर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल तापून दगा देतंय, नाहीतर पेट्रोलची वाफ होतेय. पद्मिनीच्या पंपावर ओला फडका ठेवून प्रवास केलेल्यांना हा दुसरा प्रकार सांगायला नको.

आणि सेल्फच जड, दमल्यासारखा फिरत असेल तर आधी बॅटरीची टोकं आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा. पावसाळ्यात टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढते. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

चालू होत नसलेल्या गाडीत आणखी एक साधी चाचणी. आठ-दहा सेकंद सेल्फ मारून एक प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगीत गडबड आहे. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच्या बाजूला बघा. काढलेला प्लग वायरीला जोडून त्याचं लोखंडी अंग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर, टणक, चटचट आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी-तांबडी, केसासारखी ठिणगी कमजोर. प्लग हातात धरू नका, लाकडी चिमट्यानं किंवा वायरनं बांधून ठेवा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. काही मिस्त्री वायर नुसती हवेत लटकवून ठिणगी "किती लांब उडते" ते दाखवतात. बघायला मजा येते, पण विजेला जायला वाटच मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडते, आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही जाऊ शकतं.

रात्रीचं काम

लागतं काय? फवाऱ्याची बाटली, साधं पाणी, एक जोडीदार आणि अंधार. अंधार आपल्याकडं महावितरणच्या कृपेनं फुकट मिळतो.

गाडी मोकळ्यावर उभी करा. बंद शेडमध्ये इंजिन चालवलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, आणि त्याला वास नसतो. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड. पेट्रोल कुठं गळत असेल तर आज हे काम नाही. आधी ती गळती. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी चालू इंजिनच्या या वायरींजवळ येऊच नये. ओढणी, सैल बाही, गळ्यातला गमछा काढून ठेवा. मारुतीचा रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, इंजिन तापलं की तो न सांगता सुरू होतो.

आधी पाणी न मारता नुसतं बघा. इंजिन संथ चालू ठेवून दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. मोबाइलसुद्धा खिशात. वायरींभोवती निळसर-जांभळी धूसर प्रभा दिसली तर वायरी थकल्या आहेत. वायरीवरून इंजिनवर किंवा एका वायरीवरून दुसरीवर ठिणगी उडताना दिसली तर प्रश्नच मिटला. कानही लावा. गळतीच्या जागी टिक-टिक-टिक असा बारीक, नियमित आवाज येतो.

मग फवारा. बाटलीचं तोंड अगदी बारीक धुक्यावर ठेवा, धार नको. आणि एकावेळी एकच जागा. हा नियम मोडला की सगळं फुकट, कारण सगळंच ओलं झाल्यावर चोर कोण ते कळत नाही. मी या क्रमानं जातो: पहिल्यांदा प्लगकडची टोपणं, एकेक करून. मग वायरी मधल्या भागात, विशेषतः जिथं त्या इंजिनला किंवा एकमेकींना घासतात. मग कॉइलचं तोंड. सगळ्यात शेवटी डेल्कोची कॅप. प्रत्येक फुसकाऱ्यानंतर अर्धा मिनिट थांबायचं. जोडीदाराला ॲक्सिलरेटर थोडा दाबून सोडायला सांगायचं, कारण काही गळत्या संथ इंजिनला दिसत नाहीत. इंजिन अडखळलं, निळी रेघ दिसली किंवा टिकटिक वाढली, की ती जागा खडूनं खूण करून ठेवा. तिथंच थांबू नका, बाकीच्याही तपासा. माझ्या गाडीत कॅप तर गेलीच होती, शिवाय दोन नंबरची वायरही गळत होती. कॅप बदलून खूश होऊन मी घरी आलो असतो तर पुढच्या पावसात पुन्हा रिक्षा.

पाण्यात मीठ घाला म्हणजे लवकर सापडतं, असा एक सल्ला ऐकायला मिळतो. सापडतं खरं. पण मग ते मीठ तिथंच वाळून बसतं आणि पुढच्या ओलीला आयता रस्ता तयार. साधं नळाचं पाणी पुरे. आपल्या नळाच्या पाण्यात क्षार काही कमी नाहीत.

फवाऱ्यानं काहीच झालं नाही, तरी गाडी लगेच निर्दोष ठरत नाही. गरम इंजिनवर पाणी क्षणात वाळतं. सकाळी थंड इंजिनवर, पहिल्या सेल्फच्या आधी फवारून बघा.

कॅप आणि रोटर

इंजिन बंद, किल्ली खिशात, बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढलेलं. कॅपवरच्या वायरी उपसण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा आणि मोबाइलवर फोटो घ्या. मारुतीचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-२, पद्मिनी आणि ॲम्बेसिडरचा १-३-४-२. वायरी उलटसुलट बसल्या तर गाडी फटाके फोडते आणि मग खरं दुखणं कुठलं, आपण केलेलं कुठलं, याचा पत्ता लागत नाही.

कॅप सोडवून उजेडात तिरकी धरा. आत बघायचं ते पेन्सिलनं ओढल्यासारख्या बारीक, वाकड्यातिकड्या काळ्या रेघांसाठी. झाडाच्या मुळांसारख्या त्या एका पितळी टोकापासून दुसऱ्याकडं किंवा खालच्या कडेकडं गेलेल्या असतात. वीज त्या वाटेनं गेल्यामुळे प्लॅस्टिक जळून कार्बन झालेला असतो, आणि कार्बन स्वतःच वाहक. म्हणजे एकदा रेघ पडली की कोरड्या हवेतही ती वाट उघडीच. काही लोक पॉलिश पेपरनं ती खरवडतात. चार दिवस गाडी चालते, मग रेघ पुन्हा जमते. रेघ दिसली की कॅप बदला, तिथं काटकसर नको.

मधल्या तोंडात आतल्या बाजूला कार्बनचं छोटं बोंड असतं, ते स्प्रिंगवर आतबाहेर हललं पाहिजे. झिजून गेलं असेल तर रोटरवर खड्डा दिसतो. रोटरच्या पितळी पट्टीचं टोक जळून खाल्लेलं असेल, किंवा मधल्या जागेखाली काळा ठिपका असेल, तर करंट रोटरमधूनच खाली शाफ्टला उतरतोय. हा ठिपका फार जण पाहत नाहीत. रोटर उलटा करून खालूनही बघा. कॅप आणि रोटर जोडीनंच बदलावेत, किमतीत फार मोठा बोजा नसतो.

दुकानात कॅप घेताना आतल्या टोकांचा धातू बघा. पितळेची टोकं ॲल्युमिनियमच्या टोकांपेक्षा ओलीत टिकतात. ॲल्युमिनियमवर पांढरी पूड चढते.

कॅपच्या आत ओल जमते म्हणून काही जण तिच्या कडेला आणि भोकाला सिलिकॉन लावून हवाबंद करतात. हे करू नका. आत सतत ठिणगी उडत असल्यामुळे ओझोन आणि नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू तयार होतात. ते बाहेर जावेत म्हणून ते भोक ठेवलेलं असतं. बंद केलं की टोकं आतून गंजतात आणि रेघा लवकर पडतात. कडेचं रबर किंवा गॅस्केट फाटलं असेल तर तेवढं बदला, भोक मोकळं राहू द्या.

वायरी: मीटर अर्धंच सांगतं

प्लग वायरींमध्ये रेडिओत खरखर होऊ नये म्हणून कार्बनचा गाभा असतो, त्यामुळे त्यांना रोध असतो: साधारण दर मीटरला १० ते २० किलोओहम. मल्टिमीटरनं प्रत्येक वायर मोजा आणि एकमेकींशी ताडा. तीन वायरी सहा-सात किलोओहम आणि एकच तीस दाखवत असेल, किंवा वायर हलवली की आकडा नाचत असेल, तर ती आतून तुटलेली आहे.

पण मीटर ठीक म्हणालं म्हणजे वायर ठीक, असं धरू नका. मीटरमधली बॅटरी नऊ व्होल्टची, वायरीतून जाणार वीस हजार. बाहेरच्या रबरातून होणारी गळती नऊ व्होल्टला दिसतच नाही. म्हणून आधी ती रात्र, मग हे मीटर. हातानंही बघा: वायर बोटाभोवती वळवा. मऊपणे वळली तर ठीक. लाकडासारखी ताठ, वळताना चिरा दाखवणारी वायर सप्टेंबर काढणार नाही. प्लगकडच्या टोपणाच्या आत हिरवा गंज किंवा पांढरी पूड असेल तर टोकावर ठिणगी खेळतेय.

वायरी बसवताना त्या क्लिपांतून, एकमेकींपासून बोटभर अंतरावर जाऊ द्या. "नीटनेटकं" दिसावं म्हणून सगळ्या टेपनं एकत्र गुंडाळलेल्या मी पाहिल्यात. एका वायरीतला करंट शेजारच्या वायरीत उतरतो आणि भलत्या सिलिंडरला भलत्या वेळी ठिणगी पडते.

प्लग

प्लग काढून पांढऱ्या चिनी मातीवर बघा. वरून खाली उभी, शिसपेन्सिलीसारखी रेघ असेल तर करंट बाहेरून उतरलाय. प्लगही गेला आणि त्याच्या टोपणाच्या आतही तशीच रेघ असणार. फक्त प्लग बदलला तर जुन्या टोपणातली रेघ नव्या प्लगवर उमटते. माझ्याकडं नवे प्लग घालूनही फरक पडला नव्हता, त्याचं कारण हेच असावं.

गॅप मोजा. मारुतीला सर्वसाधारणपणे ०.७ ते ०.८ मिलिमीटर, गाडीचं पुस्तक असेल तर त्यातला आकडा खरा. झिजून गॅप एकपर्यंत गेला की उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात, आणि कुठंतरी असलेली किरकोळ गळती त्यामुळे मोठी होते. म्हणजे गळती वायरीत, आणि तिला बळ देणारा प्लग. दोन्ही सुधारा.

कॉइल आणि १२ व्होल्टची बाजू

कॉइलच्या तोंडाभोवती चीर, जळाल्याचा डाग, तेल पाझरल्याची खूण, एवढंच बघायचं. तोंड कोरड्या फडक्यानं पुसून उजेडात फिरवा. केसाएवढी चीर तिरक्या उजेडातच दिसते.

बारा व्होल्टच्या वायरिंगला ओलीनं थेट त्रास कमी होतो, पण गंजानं होतो. कॉइलच्या प्लस टोकावर मीटर लावून जोडीदाराला सेल्फ मारायला सांगा. बॅटरीवर दहा व्होल्ट आणि कॉइलवर सातच असतील तर मधल्या कनेक्टरमध्ये किंवा इग्निशन स्विचमध्ये तीन व्होल्ट मरतायत. ज्या गाड्यांत कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला जाणारे व्होल्ट कमी करणारा रोध) आहे, तिथं हा हिशेब वेगळा लागतो, ते तपासून घ्या.

सीबी पॉइंट (डेल्कोतले, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेल्या गाडीत पॉइंट जळून खडबडीत झाले असतील तर बदला, गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा. रस्त्यावरचे मिस्त्री हॅक्सॉ ब्लेड घालून गॅप धरतात. ते ब्लेड ०.६ मिलिमीटरच्या पुढं असतं. पॉइंट जास्त उघडले की मिटलेले राहायला वेळ कमी मिळतो, कॉइल पुरती भरत नाही आणि ठिणगी मुळातच अशक्त होते. कोरड्या दिवसात ती कसंबसं निभावते. फट मोजायच्या पात्यांचं फीलर गेज स्वस्त असतं, एक घरी ठेवा. गॅप बदलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, हलतं, ते पुन्हा लावून घ्या.

इतकं करूनही गाडी अडखळत असेल

तर करंट सोडा आणि पेट्रोलकडं या. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल शोषून घेतं आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की पाण्यासकट खाली बसतं. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या, टाकीचं झाकण सैल असलेल्या गाडीत हे होतं. एअर फिल्टर भिजून लगदा झालाय का, तेही बघा. कागदी फिल्टर भिजला की इंजिनाचा श्वास कोंडतो.

वाटेत अडकलात तर

सात रस्त्यावर सिग्नलला गाडी बंद पडलीय, मागं हॉर्न. गाडी बाजूला घ्या. सेल्फ मारत बसू नका: पाच-सात सेकंदांचे दोन प्रयत्न, बस. बॉनेट उघडून डोक्यावर छत्री धरायला कुणालातरी बोलवा, सोलापुरात माणूस मिळतोच. कॅप काढा, आतून-बाहेरून कोरडी पुसा, वायरी आणि कॉइलचं तोंड पुसा. टॉवेलसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात हे सांगायला संकोच वाटतो, पण नवा टर्किश टॉवेल वापरू नका. त्याचे तंतू कॅपमध्ये राहतात. जुनी, धुऊन विरलेली सुती बनियन उत्तम. पेट्रोलचा वास जास्त येत असेल तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारा, चोक ओढू नका.

डब्ल्यूडी-४०चा फवारा अशा वेळी कामाला येतो. त्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं, १९५३ साली ते त्यासाठीच बनवलं गेलं. पण गरम इंजिनवर मारू नका, ते पेट घेतं. इंजिन चालू करण्याआधी ते उडून जाऊ द्या. घरी आल्यावर पुसूनही टाका, कारण त्याच्या चिकट थरावर आपली धूळ महिन्याभरात पुन्हा राप धरते.

रबरी हातमोज्याची युक्ती जुन्या पद्मिनीवाल्यांना ठाऊक आहे: मोज्याची पाच बोटं टोकाला कापायची, कॅपवर उलटा चढवायचा, चार प्लग वायरी आणि एक कॉइलची वायर पाच बोटांतून बाहेर. मोजा जणू पद्मिनीसाठीच शिवलाय! मारुतीला चारच वायरी, एका बोटाला गाठ मारा. घरी पोचेपर्यंतच, कारण वर सांगितलेलं भोक झाकलं जातं.

चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी साचलेल्या ठिकाणी गाडी बंद पडली असेल तर मात्र सेल्फ अजिबात मारू नका. हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, प्लग काढा, मगच इंजिन फिरवून पाणी बाहेर येतंय का बघा.

पुढच्या पावसाआधी

हे काम मी मृगाच्या आसपास एका रविवारी करतो. कॅप, वायरी, कॉइलचं तोंड, प्लगची चिनी माती, सगळं कोरड्या फडक्यानं, तेलकट असेल तिथं थोडं स्पिरिट लावून पुसतो आणि पूर्ण वाळू देतो. प्लग आणि कॉइलकडच्या टोपणांच्या आत, रबराच्या कडेला, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. ते विजेचं वाहक नाही, फक्त ओल आत येऊ देत नाही. साधं चाकाचं ग्रीस चालत नाही, ते रबर खातं. पुढच्या चाकाच्या आतलं प्लॅस्टिकचं कवच आणि इंजिनखालचं झाकण जागेवर आहे का, ते वाकून बघतो. जुन्या गाड्यांत कुठल्यातरी दुरुस्तीत ते निघतं आणि परत बसत नाही. मग चाकानं उडवलेलं पाणी सरळ वायरींवर येतं. माझं झाकण गॅरेजच्या मागं भंगारात सापडलं.

खंडेनवमीला गाडी धुवायला देताना वॉशिंग सेंटरच्या पोराला बॉनेटखाली प्रेशरचा पाइप घालू देऊ नका. तो हौसेनं इंजिन चकचकीत करून देतो आणि दसऱ्याच्या सकाळी हार घातलेली गाडी दारात उभी राहते. इंजिन धुवायचंच असेल तर थंड असताना, डेल्को आणि कॉइलवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, ब्रश आणि मगनं. नंतर पिशवी काढून, बॉनेट उघडं ठेवून तासभर उन्हात.